ठकुबाईची कणगी

आषाढ लागला की घरोघरच्या कणग्या रिकाम्या व्हायच्या. गेल्या सालचं भात खाऊन संपलेलं, तळाचं बियाणं राबात पेरून झालेलं, आणि कोपऱ्यात ती कामट्यांची, शेणानं सारवलेली, माणसाच्या डोक्यावर जाणारी कणगी उगाच पोट फुगवून उभी. भेंडवाडीत मात्र एक कणगी नेमकी आषाढातच भरायची. तिच्यात दाणा नसायचा. कोयते, विळे, विळ्या, कुऱ्हाडी असायच्या. एका सालात तर कोणाच्या तरी पणज्याची म्यानात गंजून बसलेली तलवारसुद्धा तिच्यात जाऊन पडली होती. कणगीच्या तोंडावर फळी आणि फळीवर पाटा. ही ठकुबाईची कणगी.

भेंडवाडी वेल्ह्याच्या खोऱ्यात, तोरण्याच्या अंगाखाली. तोरणा रोज समोर दिसतो असं वाडीची माणसं सांगतात. पावसाळ्यात मात्र तो जागेवर आहे असं धरूनच चालावं लागतं. लावणीच्या दिवसांत ही वाडी सावडीनं चालायची. आज सगळ्यांनी मिळून कोंडिबाची खाचरं लावायची, उद्या गेनबाची, परवा आणखी कोणाची. तू माझ्यात ये, मी तुझ्यात येतो, असा तो बिनबोभाट व्यवहार. एकदा सावड लागली की धडधाकट माणूस वाडीत औषधालाही उरायचं नाही. उरायची ती पोरं आणि कान गेलेल्या दोन-चार म्हाताऱ्या.

त्या सकाळी ठकुबाई डोक्यावर इरलं घेऊन दारोदार फिरायची. रानात लागेल ते हत्यार बरोबर न्या, बाकीचं माझ्याकडं द्या, असं तिचं म्हणणं. चुलीतला विस्तव राखेखाली नीट झाकलाय का ते स्वतः वाकून बघायची. आधणाचं मडकं खाली ठेवलेलं दिसलं तर त्या घरच्या बाईचा उद्धार करायची. मग कडेवर एक, बोटाला एक, मागं शेपटासारखी दहा-बारा, अशी सगळी पोरं आपल्या पडवीत आणायची. आणि तिथं तिचा एक कायदा होता, तो वाडीला पहिल्यांदा फार विचित्र वाटला. कोणतंही धाकटं पोर त्याच्या सख्ख्या थोरल्याच्या ताब्यात द्यायचं नाही. कोंडिबाचा थोरला गेनबाची तान्ही सांभाळील, गेनबाची थोरली कोंडिबाच्या शेंबड्याला भरवील. आपापली भावंडं पडवीच्या दोन टोकांना.

का, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची की दुसऱ्याचं पोर माणूस जपून धरतं, कारण त्याचा जाब द्यावा लागतो. घरच्याचा जाब कोण विचारतोय?

त्या पडवीत वाढलेली पोरं आज स्वतःच म्हातारी झाली आहेत. पण लावणीचा विषय निघाला की त्यांना आधी खाचर आठवत नाही, ठकुबाईची पडवी आठवते. बाहेर धो धो पाऊस, पागोळ्यांची अखंड झालर, ओल्या घोंगड्यांचा वास, मधोमध आगटी, आगटीच्या राखेत भाजत टाकलेल्या फणसाच्या आठळ्या. आठळी फुटली की फट्ट आवाज व्हायचा आणि सगळी पोरं हसायची. आठळ्या वाटायच्या त्या ठकुबाईनंच, आणि वाटून झाल्यावर कोणाच्या हातात किती आल्या यावरून भांडण निघालं तर तिचा चेहरा एकदम उतरायचा. आपली स्वतःची आठळी ती कधी खायची नाही. हे पोरांच्या लक्षात होतं, पण कारण त्यांना फार पुढं कळलं.

तिच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. करंगळी आणि तिच्या शेजारचं. त्याचंही कारण वाडीला ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाडीला वाटत होतं. लहानपणी विळीवर पडली.

ठकूचं माहेर खाली, नसरापूरच्या अलीकडं, जांभळटेपाला. दोन्ही गावं भोर संस्थानातच. मधल्या ओढ्यापाशी तालुका बदलायचा, चिखल मात्र तोच. ठकूचा बाप पटकीनं गेला तेव्हा ती रांगत होती. आई फुलाबाई, थोरला भाऊ चिमाजी आणि ठकू एवढंच घर उरलं. चिमाजी दहा वर्षांचा झाला नाही तोच फुलाबाई त्याला घरातला पुरुष म्हणू लागली. भाकरी आधी त्याला, घोंगडी आधी त्याला, आणि कामाला जाताना शब्दही त्याला, की हिनं ऐकलं नाही तर दे दोन.

चिमाजीनं हा शब्द चांगला मनावर घेतला. पाणी सांडलं म्हणून दोन, शेळी सुटली म्हणून दोन, त्याच्याकडं बघून हसली म्हणून दोन. वेणी धरून फिरवायचा, हात पिळायचा, मेढीला बांधून ठेवायचा. संध्याकाळी ठकूनं रडून सांगितलं तर फुलाबाई दमून भागून हसायची आणि म्हणायची की भावंडं आहेत, भांडायचीच. हे वाक्य बोलायला फार सोपं असतं. ज्याला मार बसत नाही त्याला तर फारच.

ठकू सातेक वर्षांची असताना लावणीच्या दिवसांत फुलाबाई सावडीला गेली आणि जाताना कवाडाला बाहेरून कडी घातली. पोरांनी ओढ्यावर जाऊ नये म्हणून. त्या काळी सगळ्याच आया घालायच्या. घराला खिडकी नव्हती, धूर जायला वर एक भोक. आत चूल, चुलीत विस्तव, कुडाला खोचलेला विळा आणि दोन पोरं. त्या माउलीनं पोरांना ओढ्यापासून वाचवलं आणि पोरांबरोबर घरात काय काय कोंडलं ते बघायचं तेवढं राहिलं.

राखेत आठळ्या भाजत होत्या. चिमाजीनं त्या मोजून आपल्यापुढं ओढल्या आणि ठकूला दोन दिल्या. त्याचं लक्ष नाही असं बघून तिनं तिसरी उचलली. तो ओरडला, तिनं जीभ दाखवली, आणि त्याचा हात कुडाकडं गेला. नुसतं भेवडवायचं होतं, असं त्यानं नंतर आईला सांगितलं, आणि कदाचित ते खरंही असेल. ठकूनं तोंडासमोर हात धरला. विळा नुकताच पाजवलेला होता.

मग चिमाजीला काही सुचेना. तो कवाडावर धडका मारत राहिला, कडी बाहेरून होती. धुराच्या भोकाकडं तोंड करून हाका मारत राहिला, सगळा गाव खाचरात होता आणि पाऊस कोसळत होता. शेवटी त्यानं ठकूचा हात राखेत दाबून धरला, आपलं मुंडासं सोडून त्यावर गुंडाळलं, आणि तिला मांडीवर घेऊन बसला. ठकूला त्या दिवसातलं पुढं एवढंच आठवायचं, की जो दादा सारखा मारायचा तो हुंदके देत तिला थोपटत होता आणि राहिलेल्या आठळ्या तिच्या तोंडात कोंबत होता.

फुलाबाई दुपारी आली. जे करायचं ते तिनं केलं, हळद भरली, वैदूला बोलावणं धाडलं. आणि वैदू येण्याआधी दोन्ही पोरांना समोर बसवून सांगितलं, "विळीवर पडली म्हणायचं. कुणीबी इचारलं तरी ह्येच." पोराच्या नावाला बट्टा लागू नये, पोरीचं लग्न अडू नये, आणि कडी आपण घातली होती ते कोणी बोलून दाखवू नये. तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात बसल्या. ठकूनं ते वाक्य पाठ केलं. सासरी जाईपर्यंत ते तिनं इतक्यांदा म्हटलं, की कधीकधी तिला खरोखर विळी दिसायची.

चिमाजीनं त्या दिवसानंतर बहिणीवर कधी हात उगारला नाही. उलट तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. नसरापूरच्या बाजाराला खांद्यावर बसवून न्यायचा, तिथल्या रेवड्या आधी तिच्या पदरात टाकायचा. ठकूला तिचं माहेर आठवायचं ते असंच, बाजाराच्या वाटेवर दादाच्या खांद्यावरून दिसणारं. लग्न झाल्यावर दर दिवाळीला तो स्वतः भेंडवाडीला येऊन तिला घेऊन जायचा आणि परत पोहोचवायला ओढ्यापर्यंत यायचा. पण त्या दुपारचा शब्द त्या दोघांत कधी निघाला नाही. ती ओवाळताना त्याला अंगठ्यानं कुंकू लावायची, कारण कुंकवाचं बोटच नव्हतं. तेव्हा तो मान खाली घालायचा. एवढंच.

ठकूला सून करून घेतलं ते बाळाबाईनं. बघायला आली तेव्हा तिनं मुलीचा उजवा हात आपल्या हातात घेतला, तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला, आणि फुलाबाईनं विळीची गोष्ट सांगितली ती मुकाट्यानं ऐकून घेतली. मग भाकरी थापायला लावली. तीन बोटांची भाकरी चंद्रासारखी गोल उतरली. बाळाबाईचा मुलगा सोनबा मुळातच कमी बोलणारा, त्यानं ती भाकरी खाल्ली आणि लग्न ठरलं.

भाकरी जमली तरी लावणी जमेना. डाव्या हातात रोपांची मूठ धरायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी चार-चार काड्या सोडवून चिखलात टोचत मागं सरकायचं, हे काम पाच बोटांचं. ठकूची ओळ मागं राहायची आणि बायका कंबरेवर हात ठेवून थांबायच्या. कोणी तोंडावर बोललं नाही, पण सोनबाच्या घरचं माणूस सावडीत अर्धंच धरतात हे तिला कळत होतं. शेवटी तीच घरी थांबू लागली. आणि रिकाम्या वाडीत आवाज कसे ऐकू येतात ते तिला कळलं. धाकट्याचं रडणं, थोरल्याचा दम, काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि मग एकदम चिडीचूप. ते गप्प झाले की ती हातातलं काम टाकून कान देऊन उभी राहायची.

असंच एकदा कोंडिबाच्या घरातून ती शांतता आली आणि ठकू धावली. कवाडाला कडी होती, ती तिनं काढली. आत कोंडिबाचा थोरला कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा होता आणि धाकटा उतरंडीच्या मागं दबून बसला होता. कारण काय, तर भोवरा. तिनं मागून जाऊन कुऱ्हाडीचा दांडा धरला, तो तीन बोटांनीच, आणि पोराला पोटाशी घेतलं. मारणाऱ्याला आधी घेतलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

संध्याकाळी सावडीची माणसं कोंडिबाच्या पडवीत टेकली होती तिथं ही सून डोक्यावरचा पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली की उद्यापासून समद्यांची पोरं मी राखते, माझी सावड पुरी धरा. गडी हसले. पोरं राखणं हे काय काम आहे, ती तर आपोआप वाढतात, असं गेनबा म्हणाला. त्यावर बाळाबाई कोपऱ्यातून बोलली की कोंडिबाच्या पोराला विचार ती कशी वाढतात ते. कोंडिबा खाली बघत होता. त्याला दुपारी काय झालं ते कळलं होतं. तो म्हणाला, "धरा पुरी." आणि भेंडवाडीच्या सावडीत पोरं राखणं हे एका माणसाचं काम धरलं जाऊ लागलं. दुसऱ्या वाड्यांनी पुष्कळ टिंगल केली. पुढं त्यांनीही तेच केलं, पण ते कोणी कबूल करत नाही.

अशी बरीच सालं गेली. ठकूची ठकुबाई झाली. लोकांच्या पोरांच्या हातातली हत्यारं काढून घेण्यात तिनं हयात घालवली, आणि ज्या घराला त्याची सगळ्यांत जास्त गरज होती ते घर तिला दिसायचं राहून गेलं. ते तिचं माहेर.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळेनासं झालं होतं. त्या दिवाळीला जांभळटेपाला करंजेलाच्या पणत्या मिणमिणत होत्या. चिमाजीला आता मानसिंग आणि चंद्रा अशी दोन पोरं होती. मानसिंग अकरा-बारा वर्षांचा, दिसायला गरीब गाय. भाऊबीजेच्या दुपारी ठकुबाई चंद्राची वेणी घालायला बसली आणि केसांत तिच्या बोटांना जुनी खोक लागली. मग दंडावर भाजल्याचा डाग दिसला, उलथन्याच्या कडेसारखा सरळ. हे काय गं, असं तिनं सहज विचारलं. पोरीनं आधी दाराकडं पाहिलं. दारात मानसिंग उभा होता. मग ती म्हणाली, "पडले."

ठकुबाईचा हात वेणीतच थांबला. तो शब्द तिच्या ओळखीचा होता. बोलण्याआधी दाराकडं बघणंही ओळखीचं होतं.

तिनं वहिनीला विचारलं. वहिनी हसली, म्हणाली की आम्ही रानात गेल्यावर मान्याच बघतो की तिला, ऐकत नाही म्हणून देतो एखादी. चिमाजीला विचारलं, तो म्हणाला पोरं आहेत, मोठी झाली की समजतील. म्हातारी फुलाबाई भिंतीला टेकून वाती वळत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली की पोर धडपडीच आहे, पडली असेल. अगदी त्याच आवाजात.

संध्याकाळी पाट मांडले. आधी चंद्रानं भावाला ओवाळायचं होतं. ती कुंकू लावायला वाकली तेव्हा मानसिंगनं नुसता हात हलवला, कपाळावरचे केस मागं सारायला. पोर एकदम आकसली, तोंडासमोर तळहात धरला आणि करंड्यातलं कुंकू सांडलं. सगळे हसले. ठकुबाईनं चिमाजीकडं पाहिलं. तो हसत नव्हता. तो त्या धरलेल्या तळहाताकडं बघत होता, आणि मग त्यानं नजर काढून घेतली.

मग ठकुबाईची पाळी आली. तिनं अंगठा कुंकवात बुडवला, आणि चंद्रानं विचारलं, "आत्या, तू अंगठ्यानं का गं लावतीस?"

उत्तर फुलाबाईनं भिंतीपाशी बसूनच दिलं. विळीवर पडली होती लहानपणी.

ठकुबाईला त्या क्षणी सगळं स्पष्ट दिसत होतं. बोललं तर हा पाट, हा भाऊ, ओढ्यापर्यंतची सोबत, सगळं जायचं. बापाचं तोंड तिला आठवत नव्हतं, तिचं माहेर म्हणजे हा एकच माणूस. आणि न बोललं तर ही पोर जन्मभर पडतच राहणार. एका बाजूला तीस वर्षांची माया होती आणि दुसऱ्या बाजूला तो लहानसा दंड.

"आये, म्या पडले न्हवते," ती म्हणाली. "दादानं इळा मारला व्हता. येका आठळीपायी."

तिनं चंद्राला जवळ ओढलं.

"तूबी पडली न्हाईस, बाळा. आता सांग."

पोरीनं आत्याच्या मांडीत तोंड खुपसलं आणि तिथूनच, ऐकू येईल न येईल असं म्हणाली, "दादानं."

मानसिंग रडायला लागला. वहिनी कणीक मळत होती, तिनं हात तसाच परातीत ठेवला. फुलाबाई वर्षाचा सण नासवल्याबद्दल बोलू लागली आणि मध्येच थांबली. चिमाजी पाटावरून उठला. कपाळ कोरंच ठेवून तो बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ठकुबाई निघाली तेव्हा तो घरात नव्हता. ओढ्यापर्यंत ती एकटी चालत आली. पलीकडं गेल्यावर तिनं मागं वळून पाहिलं, आणि कोणीच नाही हे बघून तिथंच दगडावर बसून मनसोक्त रडली.

दरसाल संक्रांतीच्या सुमाराला नसरापूरच्या बाजारातून कोणाबरोबर तरी रताळी यायची, दादाची म्हणून. त्या साली आली नाहीत. शिमगा गेला, अक्षय्यतृतीया गेली. राब भाजून झाले, पेरून झाले. ठकुबाई कामाला कमी पडली नाही, पण बाळाबाईला सून वाळताना दिसत होती. एके दिवशी तिनं सुनेला जवळ बसवून भाऊबीजेचं सगळं काढून घेतलं आणि तो हात पुन्हा आपल्या हातात घेतला.

"म्या बगाया आले व्हते ना, तवाच मला समजलं व्हतं. पडल्यावर दोन बोटं येका रेघंत तुटत न्हाईत."

मग इतकी वर्षं विचारलं का नाही, असं ठकुबाईनं विचारलं. बाळाबाई म्हणाली की तुझा भाऊ होता तो, तू बोलायची वाट बघत होते. जे बोललीस ते योग्यच बोललीस. आणि भाऊ नाही आला तर हे घर आहेच की तुला. ठकुबाईला बरं वाटलं. पण भावाची जागा सासू कशी भरणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

आषाढ लागला. वाडीत सावड बसली. पहिल्याच सकाळी ठकुबाई हत्यारं गोळा करून, पोरं हाकत पडवीत आली, आणि पाटा उचलून कणगीचं तोंड उघडणार तोच पावसातून कोणीतरी चढ चढताना दिसलं. इरल्याखाली माणूस, माणसाच्या खांद्यावर एक पोरगी, मागं एक पोरगा, काखेत घोंगडीचं बोचकं. ती खांद्यावर पोर घ्यायची ढब तिनं लांबूनच ओळखली. तिच्या हातातला पाटा खाली आला.

चिमाजी पडवीत टेकला. पावसानं ओलं झालेलं मुंडासं पिळत राहिला. खाली, जांभळटेपाकडं पाऊस कमी, तिथली लावणी अजून चार-आठ दिवस लांब होती. लावणीभर पोरांना तुझ्याकडं ठेवून घे, एवढंच तो म्हणाला. मग तिच्याकडं न बघता बोलला.

"दिवाळीपासनं बगतुया मान्याला. माझीच चाल हाय त्याची. त्याला दुसऱ्याचं पोर दे सांभाळायला, तुझा कायदा हाय तसा."

ठकुबाईनं गेनबाच्या लेकीचं तान्हं उचलून मानसिंगच्या कडेवर दिलं. पोरगं अवघडलं. मानेखाली हात कसा धरायचा ते तिनं दाखवलं, आणि तो श्वास रोखून, जणू काचेचं भांडं धरावं तसा उभा राहिला. चंद्रा पडवीच्या दुसऱ्या टोकाला पोरींत जाऊन बसली. थोड्या वेळानं ती हसली, त्या आवाजानं चिमाजीनं वर पाहिलं.

कोंडिबाची नात त्या साली पहिल्यांदाच पडवीत आली होती. ती ठकुबाईचा हात धरून उभी होती आणि उलटसुलट करून बघत होती.

"आज्जे, तुजी बोटं कुठं गेली?"

ठकुबाईच्या ओठावर जुनं वाक्य सवयीनं आलंच होतं. पण तिच्या आधी चिमाजी बोलला.

"म्या तोडली, बाय. ही लई ल्हान व्हती, आन म्या मारली."

आगटीत एक आठळी फट्टकन फुटली. या खेपेला कोणी हसलं नाही. मानसिंगनं कडेवरच्या तान्ह्याला जरा आणखी जवळ घेतलं. ठकुबाई आत गेली, देवळीतला करंडा घेऊन आली, आणि दिवाळीचं राहिलेलं कुंकू भावाच्या ओल्या कपाळावर अंगठ्यानं लावलं. त्यानं या वेळी मान खाली घातली नाही.

मग त्यानं बोचकं सोडलं. घरची हत्यारं होती. कोयता, विळी, कुऱ्हाड, आणि सगळ्यांत खाली एक विळा. मूठ नवी होती, पण पातं तिनं ओळखलं. इतकी सालं ते त्याच घरात होतं, त्यानंच गवत कापलं जात होतं, आणि दोघा भावंडांपैकी कोणीही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. चिमाजीनं स्वतः फळी सरकवली आणि तो विळा कणगीत सोडला. "ह्यो मला माघारी देऊ नगंस," तो म्हणाला.

लावणी संपली तेव्हा ठकुबाईनं ज्याची त्याची हत्यारं ज्याला त्याला देऊन टाकली. तो विळा तेवढा तळाशी राहू दिला. कार्तिकात नवं भात आलं, ते तिनं त्याच्यावर ओतलं, आणि कणगी गळ्यापर्यंत भरली.